यावे

शुक्रवारचा बाजार ओसरत आलेला.
चोरिसांच्या माळा विकून झाल्या, मडकीवाली पेंढा गोळा करतेय,
आणि माझ्या टपरीसमोर उन्हानं भाजलेली एक पोर
तळहातावर स्कूटरच्या चावीचे दोन तुकडे घेऊन उभी.
मैत्रिणीला काहीतरी म्हणाली, भराभर.
त्यातला एकच शब्द माझ्या कानात अडकला.
यावे.

कानस हातातच राहिली.

तीन वर्षांमागे, उबेदा नावाच्या गावात
(डोंगरभर ऑलिव्ह, आपल्याकडे काजू असतात तसे,
पण रांगेत, प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे)
एन्कार्ना नावाच्या म्हातारीनं माझ्यासमोर चावी धरली
आणि म्हणाली, यावे.
मला वाटलं, किती जुन्या वळणाची बाई!
लग्नपत्रिकेत लिहितात तसं, अगत्य यावे.
मी हात जोडले, चपला काढल्या, आत गेलो.
मुलगी हसून हसून भिंतीला टेकली.
बाबा, यावे म्हणजे चावी.

चाळीस वर्षं चाव्या कापतोय म्हापशात,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी तिथं जुने दगड सांधायला शिकते.
ती वर्गात गेली की मी एकटा.
दोन वाजता सगळं गाव मिटलं.
माणूस नाही, कुत्रं नाही, नुसती शटरं,
आणि मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.
दुपारी दुकान बंद करणारी माणसं
फार वाईट नसणार.

दार मात्र उघडेना.
पायरीवर बसलो. बगलेत पाव धरलेला एक म्हातारा थांबला.
मोरोक्को? मी म्हटलं, गोवा.
आ, पोर्तुगाल!
आता आपण कुणाचे आणि कुणाचे नाही
हे समजवायला निदान वीस शब्द लागतात.
माझ्याकडे सात होते, त्यातले तीन भाज्यांचे.
मी नुसतं कुलपाकडे बोट केलं.

मुलीची पेन्सिल खिशात होती.
शिसं चावीच्या दातांवर घासलं,
दोनदा आत, दोनदा बाहेर,
तिसऱ्यांदा कुलूप खाकरलं
आणि वळलं.

मग काय. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं.
कुणाची पेटी, कुणाचं कपाट, एक सायकल.
एका बाईनं तर मेलेल्या नवऱ्याचा खण उचलून आणला
आणि उघडल्यावर आत न बघताच पुन्हा लावून नेला.
नऊ दिवसांतले चार असे गेले.
राजवाडा राहिला. मुलगी दोन दिवस धड बोलली नाही.

रात्री दहाला जेवायला बसवायचे.
जेवण संपलं तरी कुणी उठत नसे,
त्याला त्यांच्यात वेगळा शब्द आहे म्हणे.
आपण हात वाळेपर्यंत बसतो, तेच.
मला बोलणं कळत नव्हतं.
ऑलिव्हच्या बिया ताटलीत वाढत होत्या, तेवढं कळत होतं.

ती चावी चुकून माझ्या खिशातून इथं आली.
फळीवर लटकते, गोदरेजच्या रांगेत, वेगळ्या खिळ्याला.
मागच्या महिन्यात मुलीनं कळवलं,
एन्कार्नाच्या पोरानं आकड्यांचं कुलूप बसवलं.
म्हणजे आता ती जगात कुठलंच दार उघडत नाही.
तरी चवथीला तिला तेल लावतो.

मशीन थांबलं. पोरीनं नवी चावी उन्हात धरून बघितली,
ग्रासियास, म्हणाली, सवयीनं,
मला कळणार नाही असंच धरून.
उत्तराचा शब्द मला येतो.
तोंडापर्यंत आला नाही.
तोवर स्कूटर बाजाराच्या वळणावर.

एक वाजला. शेजारी बोस्त्यांवनं शटर ओढलं,
जेवून येतो रे, म्हणाला.
मीही अर्धं ओढलं, पितळेचा चुरा फुंकला
आणि आत बसून
तो शब्द शोधत राहिलो.